दहा तारखेचा बाजार

लालबागचा राजा नवसाला पावतो, हे आता जगजाहीर आहे. पण पहिला नवस कशासाठी बोलला गेला, हे त्याच्या दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारून बघा. मूल होऊ दे, नोकरी लागू दे, असलं त्यात काही नव्हतं. मासळी आणि भाजी विकायला हक्काची जागा मिळू दे, एवढंच मागणं होतं.

१९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि तिथल्या कोळणी, भाजीवाल्या, किरकोळ माल विकणारे सगळे उघड्यावर आले. माझी आजी लग्न होऊन लालबागला आली ती याच सुमारास. तिच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना पुरुष त्यात फारसे नसतच. कोळणी टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसायच्या, पालिकेचा माणूस दिसला की टोपली उचलून चाळीच्या बोळात शिरायच्या, तो गेला की पुन्हा बाहेर. शेवटी त्यांनी गणपतीलाच गाऱ्हाणं घातलं. मंडळाच्या इतिहासात येतात ती नावं निराळी आहेत. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहा, डॉ. कोरगावकर, नाखवा कोकम मामा, भाऊसाहेब शिंदे. यांच्या खटपटीने तय्यबअली या जमीनमालकांनी बाजारासाठी भूखंड दिला, आणि नवस फेडायला १२ सप्टेंबर १९३४ला तिथे गणपती बसला. ही नावं आजीला वाचून दाखवली की ती म्हणायची, "असतील बाबा. सह्या पुरुषांच्याच असतात."

मला या गोष्टीत ते साल महत्त्वाचं वाटतं. जागतिक मंदीचे दिवस होते. गिरणीमालकांनी मजुरी कापायला सुरुवात केली होती आणि १९३४च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. अशा ओढगस्तीच्या दिवसांत बाजार उभा राहिला आणि टिकलाही. कारण गिऱ्हाईक आधीपासून तिथेच राहत होतं, एकेका खोलीत दाटीवाटीने. विकणाऱ्यांना बूड टेकायला जागा हवी होती, आणि ती नेमकी कुठे हवी हे कुठल्याही नकाशावाचून त्यांना ठाऊक होतं.

आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, गिरणीत टिकले नाहीत. कापसाच्या तुसाने खोकला लागला म्हणून ते एका कच्छी शेटजींच्या किराणा दुकानात लागले आणि वही सांभाळता सांभाळता तिथेच म्हातारे झाले. गिरणगावचा इतिहास म्हटलं की आपल्याला लाल बावटा, मोर्चे, शाहिरी आठवते. तात्यांचा सगळा इतिहास उधारीच्या वहीत होता. आणि त्याचा शक दहा तारखेपासून सुरू व्हायचा.

हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार झाला पाहिजे, असं १९३६च्या वेतन कायद्यात होतं. बहुतेक गिरण्या त्यात बसायच्या. म्हणून लालबाग-परळचा बाजार दहा तारखेकडे डोळे लावून बसायचा. गिरणीच्या फाटकाबाहेर सावकार पठाण काठी टेकून उभा, त्याच्याकडून सुटून आलेला माणूस वाण्याकडे, वाण्याकडून खानावळीत. उरलंसुरलं टपाल कचेरीत, गावच्या मनीऑर्डरीला. मे महिना आणि गणपती जवळ आले की पत्र्याच्या ट्रंका विकणाऱ्यांची चांदी. तात्या म्हणायचे, "वीस तारखेनंतर जो रोख मागेल त्याला दुकानदार म्हणायचं नाही."

माझी आत्या खानावळ चालवायची. एका खोलीत तीन पाळ्यांचे गडी तीन वेळांना जेवून जात. पहिल्या पाळीच्यांसाठी ती पहाटे तीनला चूल पेटवी. तिलाही वाणसामान तात्यांच्याच दुकानातून उधारीवर यायचं. म्हणजे विणकराचा पगार झाला की आत्याचे पैसे वसूल, आत्याचे झाले की शेटजींचे. अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. तारण काहीच नाही, डोक्यावर फक्त हंडा, अशा बाईला बँकेने उभं केलं. किरकोळ व्यापाराचं पुनरुज्जीवन या विषयावर पुढे कितीतरी अहवाल निघाले, पण यापेक्षा शहाणी योजना मला त्यांत दिसली नाही.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पहिले दोन-तीन महिने बाजाराने संप अंगावर घेतला, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मिटेल म्हणून शेटजी देत राहिले. आत्याने ताटं बंद केली नाहीत. गावाकडून येणाऱ्या तांदळाच्या, बाजरीच्या गोण्या खोल्यांत वाटल्या गेल्या.

तात्यांनी त्या वर्षाची वही जपून ठेवली होती आणि मला ती दाखवली होती. लाल कापडी बांधणी, कोपरे तेलकट. जानेवारीच्या पानावर एका खात्यात तूरडाळ पाच किलो, गोडेतेल दोन किलो, चहापूड पाव किलो, ५०१ साबणाचा अख्खा बार. एप्रिलमध्ये डाळ एक किलो आणि बार अर्धा. पावसाळ्यात त्याच नावापुढे रोजच्या रोज बारक्या नोंदी. चहापूड पन्नास ग्रॅम. तेल आठ आण्याचं. कांदे दोन, वजन नाहीच. दिवाळीच्या पानावर खातं थांबलं होतं आणि समासात तात्यांच्या बोरूने काढल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "गावी गेला." अशी 'गावी गेला' खाती पानामागून पान. ती रक्कम शेटजींनी कधी कापली नाही आणि कधी मागितलीही नाही; नुसती पुढच्या वहीत ओढत राहिले, आणि मग एका वर्षी पुढची वहीच आली नाही. दुकानाच्या जागी गाळा भाड्याने घेऊन कुणी झेरॉक्सचं यंत्र टाकलं.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला, बाकीच्या कुठे चालू, कुठे आचके देत. ट्रंकवाले गेले, खानावळी गेल्या. कालचे साचेवाले पदपथावर भाजी घेऊन, वड्याची कढई घेऊन बसले. विकणारे वाढले आणि घेणारे आटले. मंदीचं दुसरं कुठलं लक्षण सांगायची गरज नाही.

गिरणगावच्या पुनरुज्जीवनाचा विचार आला तो जमिनीच्या वाटेने. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या जमिनीचा एकत्र विचार करा, एकेक गिरणी सुटी काढू नका, असं सुचवलं. ते बासनात गेलं. २००१ मध्ये नियम बदलला आणि तीन वाटे झाले ते फक्त आवारातल्या मोकळ्या जागेचे. इमारतींखालची जमीन वगळली. गिरणीत मोकळी जागा असते ती किती? बैलगाडी वळण्यापुरती. प्रकरण कोर्टात गेलं, २००५ मध्ये उच्च न्यायालयात मूळ तीन वाट्यांची बाजू जिंकली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. एवढ्यावर मी हा भाग सोडतो, कारण याबद्दल चिडून लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत.

मला कुतूहल आहे ते दुकानांचं. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात नव्वदीच्या अखेरीला बोलिंगचा खेळ आला, मग मॉल. तिथे बिग बझार निघालं तेव्हा चाळीतल्या बायका खरोखरच गेल्या. तेल-साखर स्वस्त होती आणि गारव्यात उभं राहता येत होतं. आत्याही गेली आणि डाळ हातात घेऊन न बघता पाकिटातली घेतली म्हणून घरी येऊन स्वतःवरच चिडली. पुढे त्या आवारात परदेशी घड्याळं आणि पर्सा आल्या, आणि २०२२ मध्ये बिग बझारची साखळीच मोडीत निघाली. त्या मॉलला बाजार म्हणायला माझी ना नाही. धंदा होतो, हजारो पोरं तिथे कामाला आहेत. पण १९३४ साली गिऱ्हाईक होतं तिथे बाजार आणला गेला. इथे बाजार आधी बांधला आणि गिऱ्हाईक गाडीतून आणलं. आणि जे गाडीतून येत नाहीत, लोकलने येतात, त्यांची मोजदाद कुणी केली नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसं पुन्हा तेवढीच झाली, स्थानकावरचा पूल जुनाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगरून तेवीस जण गेले.

या सगळ्यात लालबागचं मार्केट जगलं कसं, याचं उत्तर मार्च ते मे या दिवसांत मिळतं. मसाल्याचा हंगाम. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी मिरच्यांच्या गोण्या रस्त्यापर्यंत आलेल्या असतात, धने-खोबरं भाजल्याचा वास उड्डाणपुलावरून जाणाऱ्या टॅक्सीतही घुसतो, आणि मसाला कुटणाऱ्या डंखाच्या आवाजात भाव ओरडूनच विचारावा लागतो. गिऱ्हाईक कुठलं? डोंबिवलीचं, विरारचं, नालासोपाऱ्याचं. ज्यांच्या नावापुढे तात्यांनी 'गावी गेला' लिहिलं त्यांची, आणि खोली विकून लांब गेलेल्यांची मुलंसुना. उपनगरात मसाला मिळत नाही असं नाही. पण मालवणी कुणाचा, घाटी कुणाचा, आगरी-कोळी पद्धतीत काय जास्त पडतं, हे दुकानदाराला तोंडपाठ असतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत भाजून-कुटून घ्यायचं हा हट्ट गाडीच्या गर्दीपेक्षा मोठा आहे. कुठल्याच आराखड्यात न मावलेलं हे गिऱ्हाईक चाळीस-पन्नास किलोमीटरवरून येतं आणि एका सकाळीत वर्षाची खरेदी करून जातं.

आत्या आता नालासोपाऱ्याला असते. यंदा तिच्याबरोबर मी गेलो, पिशव्या उचलायला. ओळखीच्या दुकानदाराने मिरची निवडता निवडता सांगितलं की इमारत पाडून टॉवरचं चाललंय, बैठका होतायत. त्याला कोपऱ्यावरचा गाळा सोडवत नव्हता, आणि बैठकीत त्याने एवढंच विचारलं होतं की नवा गाळा तळमजल्याला मिळेल का. खाली गाड्या राहणार, असं उत्तर मिळालं. दुकानं वरती, पण काळजी नको, सरकता जिना असेल. मिरची वाळवायला ऊन कुठलं, हा त्याचा पुढचा प्रश्न कुणी लिहूनही घेतला नाही.

आत्याने बेडगीचं देठ मोडून नाकाशी नेलं, गोणी बदलायला लावली आणि म्हणाली, "आणि डंख? तो पण चढवणार काय त्या जिन्यावरनं?"

"त्यांना डंख म्हणजे काय ते सांगण्यातच पहिली बैठक गेली, मावशी," तो म्हणाला आणि भाव मात्र दहा रुपयांनीसुद्धा कमी केला नाही.