पावसाचा ताळेबंद आणि घाटाखालची वक्ररेषा

माहुलीच्या सुळक्यांवर ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला काळा मेघ टेकतो आणि मुरबाडच्या बाजूस नाणेघाट-माळशेजच्या कड्यांवरून पाण्याचे पट्टे तुटून पडू लागतात, तेव्हा शेतकऱ्याच्या मनात भाताच्या राबाचा विचार असतो. परंतु पाटबंधारे आणि पाणीपुरवठा खात्यांच्या दफ्तरांत त्याच वेळी एक निराळा प्रश्न जागा होतो, आणि तो असा की पडलेल्या पावसापैकी नदीत येणार किती, आणि ते येणार किती वेगाने. या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे नोंदी जमवल्या गेल्या, आलेख काढले गेले आणि सूत्रे रचली गेली. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या भूमीवर त्या बौद्धिक परिश्रमाचा जो ठसा आहे, तो किल्ल्यांच्या बुरुजांहून कमी मोलाचा नाही.

जुन्या कागदपत्रांत कोळवण या नावाने ओळखल्या गेलेल्या शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, सुमारे पावणेदोन मैल लांबीची तानसा धरणाची दगडी भिंत 1892 साली पुरी झाली. मुंबईची तहान त्या दिवसापासून या डोंगराळ मुलखाच्या पावसाशी कायमची बांधली गेली. पुढे वैतरणेवर मोडकसागर आणि भातसा नदीवर भातसा अशी धरणे उभी राहिली. धरण बांधायचे तर येवा, म्हणजे नदीतून वाहून येणारे पाणी, किती हे आधी ठाऊक असावे लागते, आणि येव्याच्या हिशेबाचा पहिला दाखला म्हणजे तालुका कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक. रोज सकाळी ठरल्या वेळी बाटलीतील पाणी मापाच्या नळीत ओतून, इंच आणि सेंट यांत रोजची नोंद लिहिणारा जो अनाम कारकून, तोच या साऱ्या शास्त्राचा खरा आद्य कर्ता होय, असे मला मनापासून वाटते.

या नोंदींतून सूत्र काढण्याचा थोर प्रयत्न मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात क्लॉड इंग्लिस आणि त्यांचे सहकारी डिसूझा यांनी केला. पुढे खडकवासल्याच्या संशोधन केंद्राची धुरा वाहिलेल्या इंग्लिस यांनी सह्याद्रीच्या दोन बाजूंसाठी दोन निराळी सूत्रे सांगितली. घाटातील पाणलोटासाठी वार्षिक पावसाच्या इंचांस 0.85 ने गुणून त्यातून 12 वजा करावे, म्हणजे येव्याचे इंच मिळतात. 100 इंच पाऊस पडला तर 73 इंच वाहून येतो. ही सरळ रेषा झाली, आणि तिचा अर्थही स्पष्ट आहे: घाटाखालची माती आरंभीच्या पावसातच तृप्त होते आणि मग पडेल त्याचा ठराविक हिस्सा ओढ्यानाल्यांच्या हवाली करते. घाट चढून देशावर गेले की मात्र रेषा वाकते. तेथे पावसातून 7 वजा करून आलेल्या संख्येस पुन्हा पावसानेच गुणावे आणि शंभराने भागावे लागते. म्हणून 20 इंच पावसाला 2.6 इंच येवा, तर 40 इंचाला 13.2. पाऊस दुप्पट, पाणी पाचपट! माळशेजचा एक घाट चढून जाताना निसर्ग आपले गणित कसे बदलतो, हे या दोन सूत्रांइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

महापुरासाठी इंग्लिस यांनी तिसरे सूत्र दिले, आणि ते घाटाच्या मुलखाचे खास आहे. पाणलोटाच्या चौरस मैलांस 7000 ने गुणून, त्या क्षेत्रात 4 मिळवून आलेल्या बेरजेच्या वर्गमुळाने भागले म्हणजे पुराचा विसर्ग क्युसेकमध्ये येतो. 12 चौरस मैलांचा पाणलोट असेल तर 21,000, आणि 60 चौरस मैलांचा असेल तर 52,500. क्षेत्र पाचपट झाले तरी पूर अडीचपटच वाढतो, कारण विस्तीर्ण पाणलोटावर सर्वत्र एकाच वेळी तितकाच जोर धरणारा पाऊस होत नाही आणि दूरच्या ओढ्यांचे पाणी उशिरा पोचते. येव्याची रेषा नोंदींच्या मधून जाते, पण पुराची रेषा त्या सर्वांच्या माथ्यावरून ओढावी लागते. सांडवा सरासरी पुरासाठी बांधणाऱ्याला पहिलाच असाधारण पूर शिक्षा करतो.

याहून नाजूक काम नदीतील पाणी मोजण्याचे. सरितामापन केंद्रावर रोज पाहिली जाते ती पाण्याची पातळी. प्रवाहमापक घेऊन विसर्ग मोजणे अधूनमधूनच साधते. म्हणून दोहोंचा संबंध सांगणारे सूत्र बसवतात: पातळीतून शून्य प्रवाहाची पातळी वजा करून, उरलेल्या खोलीचा एखादा घात घ्यावा आणि त्यास एका स्थिरांकाने गुणावे. तीन प्राचल आणि तिन्ही अज्ञात. जुने अभियंते लॉग-कागदावर बिंदू मांडून, ते सरळ रेषेत येईपर्यंत शून्य पातळीचा अदमास बदलत राहत. पण लॉग घेताच उन्हाळ्यातील ओहोळाची आणि श्रावणातील लोंढ्याची प्रमाणशीर चूक एकाच तराजूत बसते, आणि ज्याला पुराचीच चिंता आहे त्याला तो न्याय मानवत नाही. प्रत्यक्ष विसर्गांतील तफावतीचे वर्ग किमान करावे, तर समीकरणे सरळ सुटत नाहीत. पायरीपायरीने उत्तराजवळ जावे लागते.

त्या पायऱ्यांची रीत लेव्हेनबर्ग यांनी 1944 साली आणि मार्क्वार्ट यांनी 1963 साली घालून दिली. नाणेघाट धुक्यात उतरणारा वाटाड्या अनोळखी उतारावर लहान पावले टाकतो आणि ओळखीची पायवाट लागताच लांब टांगा टाकतो, तशीच ही रीत आहे. शहापूरचे पाणी पिणाऱ्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक 1960 साली कार्यान्वित केला; आज ही पायरीपायरीची गणिते पायथन, मॅटलॅब यांसारख्या आज्ञावली क्षणार्धात करतात. परंतु धुक्यातील वाटाड्या भलत्याच नाळेत उतरावा, तशी आज्ञावलीही आरंभीचा अदमास चुकला तर भलत्याच उत्तराच्या तळाशी जाऊन निश्चिंत बसते. शिवाय शून्य पातळी आणि घात हे दोन प्राचल एकमेकांची चूक झाकतात. दोघेही खोटे असून रेषा बिंदूंवर सुरेख बसते, आणि तिचा खोटेपणा उघडा पडतो तो नोंदींची हद्द ओलांडल्यावर.

आणि हद्द ओलांडायची वेळ नेमकी कधी येते? काळू नदीला महापूर येतो, पाणी लाल होऊन झाडे वाहू लागतात, नावेतून प्रवाहमापक सोडणे जिवावरचे होते, तेव्हा. जेथे रेषेला साक्षीची सर्वांत अधिक गरज, तेथेच साक्षीदार मुका होतो. म्हणून मोजणीचा शेवटचा बिंदू जेथे संपतो तेथून पुढची रेषा तुटक काढावी, हा शिरस्ता मला शास्त्रातील प्रामाणिकपणाचे सर्वोत्तम चिन्ह वाटतो. संगणक हा हुकूमबरहुकूम चालणारा उत्तम कारकून खरा. पण तो पावसात उभा राहिलेला नाही. धरणांच्या या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर वैशाखात आजही हंडे घेऊन दूर जावे लागते, आणि ज्यांच्या डोंगरांवरचे पाणी आपण मोजतो त्यांच्यासाठी तरी तो हिशेब खरा असला पाहिजे. यंदाच्या आषाढात नदीकाठी ओल्या वहीत पातळी लिहिणाऱ्या माणसाने एक सकाळ चुकवली, तर ती पुढे कोणत्याही गणिताने भरून निघणार नाही.