स्क्रॅचची गोष्ट

परवा रिव्ह्यूत मॅनेजर म्हणाला, "कोड 'अप टू स्क्रॅच' नाहीये. 'फ्रॉम स्क्रॅच' लिही." दोन आठवड्यांचं काम पाण्यात! चिडून हा स्क्रॅच आला कुठून ते शोधलं.

तर स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ. इंग्लंडातल्या मुष्टियुद्धात १८३८च्या नियमांनुसार पडलेल्या गड्याला ३० सेकंद मिळत. मग ८ सेकंदांत कुणाच्याही आधाराशिवाय रेघेपर्यंत यायचं, नाहीतर हरला. हे 'अप टू स्क्रॅच'. सवलतीच्या शर्यतीत लिंबूटिंबूंना रेघेच्या पुढून सोडत. तगडा गडी मात्र रेघेवरूनच पळे, 'फ्रॉम स्क्रॅच'.

म्हणजे मॅनेजरने मला लिंबूटिंबू समजलेलं नाही तर! असो. ३० सेकंद संपले, उठतो आता.