मनातल्याला मत की जिंकणाऱ्याला? अकोला-अमरावतीचं गणित

आवडता उमेदवार तिसरा येईल असं दिसत असेल, तर मत त्यालाच द्यायचं, की नको असलेल्याला पाडण्यासाठी दुसऱ्या एखाद्याला? पहिलं विवेकाचं मतदान, दुसरं डावपेची मतदान.

आपल्याकडे जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत, सर्वांत जास्त मतं पुरतात. अशा पद्धतीत राजकारण दोन पक्षांकडे झुकतं, असं फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युवर्जे यांनी १९५१ मध्ये मांडलं.

वऱ्हाडात मात्र तिसरा टिकून आहे. अकोल्यात २०२४ च्या लोकसभेला भाजपचे अनुप धोत्रे यांना सुमारे ४ लाख ५७ हजार, काँग्रेसचे अभय पाटील यांना ४ लाख १६ हजार आणि 'वंचित'चे प्रकाश आंबेडकर यांना २ लाख ७७ हजार मतं मिळाली. म्हणजे मतविभागणीचा फटका? पण २०१९ मध्ये काँग्रेस आणि 'वंचित'ची बेरीजही भाजपच्या संजय धोत्रेंपेक्षा कमीच होती.

अमरावतीत २०२४ ला काँग्रेसचे बळवंत वानखडे भाजपच्या नवनीत राणांविरुद्ध सुमारे २० हजारांनी जिंकले. 'प्रहार'चे दिनेश बुब यांची मतं ८० हजारांहून जास्त होती.

अशा बेरजेत एक गृहीतक लपलेलं असतं: तिसऱ्याचे सगळे मतदार एकाच बाजूला गेले असते. मतदान यंत्र दुसरी पसंती विचारतच नाही. शिवाय तिसऱ्याला पडलेली मतं पुढच्या जागावाटपात त्या पक्षाचं वजन ठरवतात. त्यामुळे हरलेल्याला दिलेलं प्रत्येक मत वाया जातंच, असं नाही.