वैमानिक ते हवामानतज्ज्ञ : सी. के. एम. डग्लस

चार्ल्स केनेथ मॅकिनन डग्लस (१८९३-१९८२) हे ब्रिटिश हवामानतज्ज्ञ. पहिल्या महायुद्धात ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक होते. उड्डाणांदरम्यान त्यांनी ढगांची छायाचित्रे टिपली आणि वरच्या हवेची निरीक्षणे नोंदविली. युद्धानंतर ते ब्रिटिश हवामान खात्यात दाखल झाले व निष्णात अंदाजकर्ते म्हणून नावारूपास आले.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवरील चढाईसाठी ५ जून १९४४ हा दिवस ठरला होता. डग्लस आणि नॉर्वेचे स्वेर पेटर्सन यांच्या डन्स्टेबल येथील गटाने वादळी हवेचा इशारा दिला; अमेरिकी गटाला मात्र हवा अनुकूल वाटत होती. इशारा मानला गेला आणि चढाई ६ जूनला झाली. एवढ्या दबावातही, एक-दोन दिवसांपलीकडचे अंदाज भरवशाचे नसतात, हे मत डग्लस यांनी सोडले नाही.

विमानातून ढगांचा अभ्यास पुढे महाराष्ट्रातही झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात असे प्रयोग केले. औंढा नागनाथच्या कोरडवाहू शिवारात पेरणीचा निर्णय पावसाच्या अंदाजावर होतो. तेथे अंदाजाइतकीच त्याची मर्यादा सांगणेही मोलाचे ठरते.