मूकपटांची भित्तिपत्रके : संग्रह, बाजार आणि संहितेचा उंबरठा

मूकपटांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकापुढे बहुधा मूळ संहिताच नसते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रदर्शित झाला आणि १९३४च्या सुमारास मूकपटांची निर्मिती थांबली. या काळात भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा खंडित स्वरूपात उपलब्ध असलेल्यांची संख्या ३०सुद्धा भरत नाही. अमेरिकेतील स्थितीही फारशी आश्वासक नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात टिकून राहिले. नायट्रेटची फीत ज्वलनशील व विघटनशील होती. बोलपटांच्या आगमनानंतर तिला बाजारमूल्य उरले नाही. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठीही असंख्य प्रती नष्ट करण्यात आल्या. परिणामी अनेक चित्रपटांचे अस्तित्व आज त्यांच्या जाहिरातीपुरते शिल्लक आहे.

जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ इत्यादी घटकांना संहितेचा उंबरठा मानले. वाचक तो ओलांडून संहितेत प्रवेश करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. भित्तिपत्रक हा चित्रपटाचा असाच उंबरठा होय. मात्र मूकपटांच्या बाबतीत घर कोसळले आणि उंबरठा तेवढा उरला, अशी विलक्षण परिस्थिती निर्माण झाली आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, शिवकालीन कथानकावरील 'कल्याण खजिना' (१९२४) हा याचा ठळक दाखला. हा चित्रपट पाहायला मिळत नाही. त्याचे भित्तिपत्रक मात्र आजवर टिकलेले सर्वांत जुने भारतीय सचित्र चित्रपट-भित्तिपत्रक मानले जाते.

या भित्तिपत्रकाची परंपरा चित्रपटाहून जुनी आहे. बाबूराव हे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे कोल्हापूरचे चित्रकार. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा प्रेससाठी शिलामुद्रणाचे काम केले होते आणि पुढे स्वतःचा मुद्रणव्यवसाय उभारला होता. म्हणजे रंगभूमीचा पडदा, देवादिकांची शिलामुद्रित चित्रे आणि चित्रपटाची जाहिरात यांची निर्मिती एकाच कारागिरीच्या परिसरात होत होती. मूकपटांचे दृश्यविधान समजून घेण्यास हा दुवा महत्त्वाचा ठरतो.

भाषांतराच्या अभ्यासकालाही येथे मोलाची सामग्री सापडते. हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा १९२९ सालचा मूकपट भारतात 'प्रपंच पाश', इंग्रजीत 'अ थ्रो ऑफ डाइस' आणि जर्मनीत 'शिक्झाल्सव्युर्फेल', म्हणजे 'नियतीचे फासे', या नावांनी ओळखला गेला. भारतीय शीर्षक संसाराच्या बंधनाकडे निर्देश करते, इंग्रजी शीर्षक फासे टाकण्याच्या कृतीकडे, तर जर्मन शीर्षक दैवाकडे. मूकपटाला बोलली जाणारी भाषा नव्हती. भाषा होती ती शीर्षकात, मधल्या अक्षरपाट्यांत आणि जाहिरातीत. म्हणूनच एकाच चित्रपटाची निरनिराळ्या देशांतील भित्तिपत्रके शेजारी ठेवली की, त्याच्या स्वीकृतीचा इतिहास वाचता येतो.

परंतु अशी पत्रके एकत्र येणे सोपे नाही. भिंतीवर डकवून काही दिवसांत फाटून जाणे, हीच त्यांची नियती होती. जी वाचली, त्यांना पुढे लिलावगृहांत मोठी किंमत आली. हाइन्झ शुल्झ-नॉयडाम याने केलेल्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन मूकपटाच्या भित्तिपत्रकाची एक प्रत २००५ मध्ये ६,९०,००० डॉलरला विकली गेली. 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) हा अमेरिकी चित्रपट नष्ट झाला. त्याच्या भित्तिपत्रकाला २०१४ मध्ये ४,७८,००० डॉलर मिळाले. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वाल्टर बेन्यामिन याने १९३६ मध्ये मांडले होते. येथे त्याच्या उलट घडलेले दिसते : यंत्राने असंख्य प्रतींत छापलेली वस्तू इतर प्रतींच्या नाशामुळे एकमेव ठरली आणि तिला तेच वलय प्राप्त झाले.

दुर्मिळतेमुळे बनावट प्रतींचाही सुळसुळाट झाला. जाणकार संग्राहक भिंगाखाली पाहतो : शिलामुद्रणात रंगाचे अनियमित कण दिसतात, तर नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी. कागद, आकार, मुद्रकाचे नाव यांचीही तो छाननी करतो. या दृष्टीने संग्राहक हा पाठचिकित्सकाचा सहोदर होय. हस्तलिखितांची प्रामाणिकता ठरविण्याची पद्धत याहून फारशी वेगळी नाही.

तथापि, दोघांचे हितसंबंध सर्वत्र जुळत नाहीत. अमेरिकेतील दुकानांच्या खिडक्यांत लावण्याच्या छोट्या पत्रकांवर माथ्याशी कोरी जागा असे. तेथे स्थानिक चित्रपटगृहाचे नाव व खेळाची तारीख छापली जाई. चौकटीत बसविण्यासाठी हा भाग पुष्कळदा कापून टाकण्यात आला. चित्र शाबूत राहिले. पण तो चित्रपट कोणत्या गावाने केव्हा पाहिला, याचा पुरावा गेला. सौंदर्यदृष्ट्या निरुपयोगी वाटणारी हीच पट्टी प्रेक्षकाच्या इतिहासासाठी सर्वांत मोलाची असते.

भारतात १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते नावारूपाला आणले. तोवर मूकपटांचे युग संपून तीस वर्षे लोटली होती. २०२२ पासून ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. चित्रफितींबरोबर भित्तिपत्रके व पुस्तिका यांचे जतन करणारे असे अभिलेखागार खाजगी संग्रहांना पूरक ठरू शकते. मात्र त्यासाठी प्रत्येक पत्रकाची भाषा, मुद्रक, आकार आणि प्राप्तिस्थान यांची नोंद होणे आवश्यक आहे. अशा नोंदींअभावी भित्तिपत्रक केवळ शोभेचे चित्र बनते. त्या असल्या, तर हरवलेल्या चित्रपटाविषयी ते निदान काही प्रश्नांची उत्तरे देऊ शकते.