विष उतरवणारा खडा

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात प्रोफेसर स्नेप भर वर्गात हॅरीला बेझोआर कुठे मिळतो ते विचारतो. उत्तर असतं, बकरीच्या पोटात. सहाव्या पुस्तकात हाच खडा विष प्यायलेल्या रॉनच्या घशात कोंबून हॅरी त्याचा जीव वाचवतो. रोलिंगबाईंच्या जादूच्या दुनियेतल्या अनेक गोष्टी काल्पनिक आहेत, हा खडा मात्र नाही. एके काळी राजेरजवाडे त्यासाठी सोनं मोजत होते.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात न पचलेले केस, काड्या, बिया अडकतात. त्यांच्याभोवती क्षारांचे थर चढत जाऊन गुळगुळीत गोटा तयार होतो, तो बेझोआर. मूळ शब्द फारसी, 'पादजहर', म्हणजे जहरापासून राखणारा. आपल्याकडच्या 'जहरमोहऱ्या'तलं जहर तेच.

या खड्याच्या गोष्टीत गोवा दोनदा येतो. १५३४ साली गोव्यात आलेल्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधांवर संवादरूपात पुस्तक लिहिलं. ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं आणि त्यात बेझोआरवर एक अख्खं प्रकरण आहे. पुढच्या शतकात अस्सल खडे महाग आणि दुर्मीळ झाले, तेव्हा गोव्यातल्या जेझुइटांनी ते चक्क बनवायला घेतले. बेझोआरची पूड, कस्तुरी, शिंपले, रत्नांचा चुरा असं सगळं मळून गोळा करायचा आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा. हे 'गोवा स्टोन' युरोपात सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवले जात. त्यातला चिमूटभर चुरा खरवडून पेयात मिसळायचा, की विष, ताप, उदासी, सगळ्यांवर उतारा! असे डबे आजही मोठमोठ्या संग्रहालयांत बघायला मिळतात.

पण खडा विष उतरवतो हे कुणी तपासलं होतं का? माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे 'चालतंय' म्हटलं की 'टेस्ट केलंस का' हे तोंडात येतंच. तर, टेस्ट झाली होती.

१५६० च्या दशकात फ्रान्सचा राजा नववा शार्ल याला कुणीतरी असा खडा दाखवला. शल्यवैद्य आंब्रोआझ पारे म्हणाला, सगळ्या विषांवर एकच उतारा असूच शकत नाही, कारण प्रत्येक विषाचं काम वेगळं. तेव्हा चांदीची दोन ताटं चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला एक आचारी तुरुंगात होता. त्याला सांगण्यात आलं, विष घे, वर खडा घे, जगलास तर सुटलास. तो तयार झाला. फाशी नाहीतर विष, एवढीच निवड असताना त्याच्या तयार होण्याला संमती म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा. त्याला पाऱ्याचं जहाल क्षार दिलं गेलं आणि सुमारे सात तास तडफडून तो मेला. राजाने खडा आगीत टाकायला सांगितला.

इथे विषय संपायला हवा होता. पण खड्यांचा व्यापार पुढे दोनेक शतकं चालू राहिला, कारण खडा फसला की तो नकली होता, असं म्हणायची सोय होती. नकली खडेही तेवढेच खपत. १६०३ साली इंग्लंडमध्ये एकाने बेझोआर म्हणून १०० पौंडांना खडा घेतला आणि तो नकली निघाल्यावर सोनारावर दावा लावला. वरच्या कोर्टाने सोनाराच्या बाजूने निकाल दिला, कारण त्याने खडा अस्सल असल्याची हमी दिली नव्हती, नुसतं तसं म्हटलं होतं. गिऱ्हाइकाने आपलं आपण बघावं, या तत्त्वासाठी कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात.

गंमत म्हणजे खडा अगदीच निकामी नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या आऱ्हेनियस आणि बेन्सन यांनी दाखवलं, की आर्सेनिक मिसळलेल्या द्रावणात बेझोआर ठेवला तर तो आर्सेनिक शोषून घेतो. खड्यातल्या फॉस्फेटची जागा आर्सेनिक घेतं, केसांतलं गंधकही ते धरून ठेवतं. म्हणजे प्याल्यातल्या एका विषावर थोडाफार उपयोग. पण पोटात गेलेलं आणि रक्तात भिनलेलं विष ही वेगळी गोष्ट. पारेचंच म्हणणं खरं ठरतं.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सापाचं विष ओढून घेणारा म्हणून एक काळा खडा आमच्या गावातल्या एका घरात अजून आहे. बिनविषारी साप चावलेले किंवा विष भिनलेलंच नाही असे लोक तिथून बरे होऊन येतात आणि खड्याचं नाव होतं. जे वाचत नाहीत, त्यांच्याबाबत 'यायला उशीर झाला' असं म्हटलं जातं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. उतारा तर आपल्याकडे आहे, मुंबईच्या हाफकिनमध्येही तो बनत आला आहे. त्याला फक्त वेळ लागतो, आणि तोच वेळ खडा खातो.

त्या आचाऱ्याचं नाव आज कुणाला माहीत नाही. निदान त्याच्या सात तासांतून जे कळलं होतं, तेवढं तरी आपल्या लक्षात राहायला हवं.