'जत्रा' आणि 'सुट्टी' : यवतमाळ जिल्ह्यातील विसाव्याच्या स्थळांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

दैनंदिन जीवनाच्या रहाटगाडग्यातून काही काळ बाहेर पडावे आणि मनात जपलेल्या एखाद्या स्थळी जाऊन यावे, ही इच्छा आधुनिक काळाची निर्मिती आहे असे सर्वसामान्यपणे समजले जाते. पर्यटनविषयक लेखनाची सुरुवातही बहुधा थंड हवेच्या ठिकाणांपासूनच होते. यामागे साधनांचा प्रश्न आहे. साहेबाने डोंगरावर बंगला बांधला की त्याची नोंद गॅझेटिअरमध्ये होते. वणीची किंवा कळंबची बाई चार दिवस माहेरी जाऊन आली, तर तिच्या प्रवासाचा कागद कोठेच उरत नाही. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात 'जत्रा' आणि 'सुट्टी' या दोन भिन्न कल्पनांचा विचार केला आहे. जत्रेला जाणारा आपले रोजचे जग सोबत घेऊन जातो. सुट्टीवर जाणारा ते मागे ठेवतो, आणि ते मागे ठेवता यावे म्हणून दुसऱ्या कोणाला तरी राबावे लागते. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या जिल्ह्यातील प्रवासाचा इतिहास नीट उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कापसाचे वर्ष आणि प्रवासाची मुभा :

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1864 मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला; पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. 1905 च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडला जाऊन आजचा यवतमाळ जिल्हा आकारास आला. या संपूर्ण प्रदेशाचे वर्ष कापसाने बांधलेले होते. मृगाच्या पावसावर पेरणी, त्यानंतर निंदण व डवरणी, दसरा-दिवाळीपासून पुढे वेचणी. गुढीपाडव्याला साल धरणाऱ्या गड्यास 'रजा' हा शब्दच ठाऊक नव्हता. आषाढी वारी नेमकी पेरणीच्या तोंडावर येते आणि कार्तिकी वेचणीच्या दिवसांत, ही बाब वारकरी संप्रदायाविषयी लिहिणारे क्वचितच विचारात घेतात. आजच्या अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्या काठी असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीबरोबर जो कुणबी निघत असे, तो शेताची काहीतरी व्यवस्था लावून किंवा नुकसान पत्करूनच निघत असे.

येथे माहेराचा विचार करणे आवश्यक आहे. या भागातील स्त्रीच्या दृष्टीने स्वप्नातील स्थळ म्हणजे अनेक पिढ्या माहेर हेच होते. तेथे पाहण्यासारखे काही नसे. तेथे उशिरा उठता येई, हेच तेथील सौंदर्य. संतांनी पंढरीला माहेर म्हटले आणि ते सर्वांच्या हृदयाला भिडले, यामागे भक्तीबरोबरच श्रमाचाही अनुभव आहे. विशेष म्हणजे वैदर्भीय भाविकाच्या बाबतीत ही कल्पना उलटी होऊन येते. तो पंढरीला माहेर समजून जातो, पण त्याच्या सोबतची पालखी मात्र माहेराहून सासरी चाललेली असते.

पैनगंगेपलीकडचे माहूर हे दुसरे मोठे आकर्षण होय. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले रेणुकेचे स्थान आणि दत्तशिखर यांमुळे आर्णी, दिग्रस, पुसद या भागांतील कुटुंबांचे पाय नवरात्रात व दत्तजयंतीला तिकडे वळत. पैनगंगा ओलांडली की निजामाचा प्रत्यक्ष अंमल सुरू होई. (कागदोपत्री वऱ्हाडदेखील निजामाचेच होते, परंतु भाविकाला त्याचे सोयरसुतक नव्हते.) पुढे किनवटच्या बाजूस उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे, उमरखेडच्या सीमेवर सहस्रकुंडाचा धबधबा, जिल्ह्यात कळंबचा चिंतामणी, वणीचा रंगनाथस्वामी अशी ही स्थळांची मालिका आहे. या ठिकाणी देवदर्शन होई, त्याचबरोबर बैल पाहिले जात, बांगड्या भरल्या जात, सोयरिकी जुळत. घरची शिदोरी सोबत असे आणि मुक्काम झाडाखाली. रोजचे जगणे थांबत नव्हते, केवळ त्याची जागा बदलत होती.

आणि ज्यांचे रोजचे जगणेच प्रवास होते, त्यांचे काय? पुसद-दिग्रस परिसरातील बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूरचे मुलूख तुडवीत असे. सडका आणि आगगाडी यांनी हा व्यापार बुडविला; 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकेपणालाच संशयाच्या छायेत उभे केले. तांडे स्थिरावले. पुसद तालुक्यातील गहुलीच्या अशाच एका तांड्यात 1913 मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. लमाणाच्या इतिहासात प्रवास हा बंधनातून सुटकेचा मार्ग म्हणून येत नाही. स्थिर घर हेच त्याच्या दृष्टीने दूरचे स्वप्न होते. रामनवमीला पोहरादेवीकडे जाणारी गर्दी पाहताना हा संदर्भ मनात ठेवावा लागतो. तेथे विखुरलेला समाज पुन्हा एकत्र तळ देतो.

चिखलदरा आणि कापसाची आगगाडी :

'सुट्टी' या कल्पनेचा वऱ्हाडातील उगम चिखलदऱ्यात सापडतो. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली याने गाविलगड जिंकला आणि 1823 मध्ये हैदराबाद कंटिंजंटचा कॅप्टन रॉबिन्सन याने शेजारचे हे पठार 'शोधून काढले'. तेथे कोरकू पूर्वापार राहत होते आणि कीचकवधाची कथा त्या दरीला चिकटलेली होती, हे पाहता 'शोध' हा शब्द किती सैल आहे ते लक्षात येते. सुमारे 1118 मीटर उंचीवरील हे ठिकाण वऱ्हाडातील इंग्रज अधिकाऱ्यांचे उन्हाळी आश्रयस्थान झाले. उन्हाळ्यात कचेरीच्या तापातून सुटून हवापालट करणे ही आरोग्याची गरज मानली गेली. मात्र सामान वाहणारा, पंखा ओढणारा आणि पाणी भरणारा यांच्या हवापालटाचा विचार त्यात कोठेही नव्हता.

यवतमाळच्या दृष्टीने यातील एक योगायोग लक्षणीय आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला, परंतु यवतमाळ त्यापासून दूरच राहिले. धामणगाव स्थानकापर्यंत बैलगाडीने जावे लागे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत किलिक निक्सन समूहाच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर असे अरुंद मार्ग टाकले. 'शकुंतला' या नावाने ओळखली जाणारी गाडी हीच. तिचा हेतू कापूस मुख्य मार्गापर्यंत नेणे एवढाच होता. तथापि नकाशावर पाहिले असता तिचे एक टोक कापसाच्या बाजारपेठेत आणि दुसरे टोक चिखलदऱ्याच्या पायथ्याशी येते. एकाच कंपनीच्या रुळांवर वऱ्हाडाचे काबाडकष्ट आणि वऱ्हाडाचा विसावा ही दोन्ही टोके जोडली गेली होती. 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावणारी ही गाडी इतकी संथ होती की, तिने चिखलदऱ्यास जाऊ पाहणाऱ्याची निम्मी सुट्टी वाटेतच संपावी! तरीही दारव्ह्याच्या माणसाला लग्नाकार्याला, बाजाराला आणि माहेरी तिनेच पोहोचविले. तिचे खरे प्रवासी पर्यटक नव्हतेच. आज ती बंद आहे. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झाले.

पगारी रजेचा वर्ग :

स्वातंत्र्योत्तर काळात कचेऱ्या, शाळा, महाविद्यालये वाढली आणि पगारी रजा मिळणारा एक वर्ग जिल्ह्यात निर्माण झाला. 'मे महिन्यात कोठे जाणार?' हा प्रश्न याच वर्गाचा. आपण प्राध्यापक मंडळी त्यातच मोडतो, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. याच वर्गामुळे महाबळेश्वर, उटी, काश्मीर ही नावे यवतमाळच्या घराघरांत आली. रजा प्रवास सवलतीने त्यांना सरकारी मान्यताही दिली. राज्य परिवहन महामंडळाच्या 1988 पासूनच्या योजनेचे 'आवडेल तेथे प्रवास' हे नाव या मानसिकतेचे अचूक द्योतक म्हणावे लागेल. परंतु आवड आणि ऐपत यांतील अंतर कापसाच्या भावावर अवलंबून असलेल्या घरात सहजासहजी मिटत नाही. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, त्या जिल्ह्यात पर्यटनाची भाषा बोलताना हे भान सुटता कामा नये. त्या मानाने मार्च 2023 पासून महिलांना एस.टी. भाड्यात मिळालेली 50 टक्के सवलत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना आहे. पर्यटनाच्या धोरणात माहेर आणि माहूर क्वचितच एकत्र येतात. या सवलतीच्या तिकिटावर ते एकत्र आले.

टिपेश्वर : स्वप्नस्थळ आणि वहिवाट :

आजमितीस बाहेरच्या जगाला यवतमाळ जिल्ह्यात आकर्षण आहे ते टिपेश्वरचे. पांढरकवडा व घाटंजी परिसरातील सुमारे 148 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य 1997 मध्ये घोषित झाले. टिपाई देवीवरून त्यास नाव मिळाले. म्हणजे हेही मूळचे देवीचेच स्थान होय. पुणे-मुंबईचा पर्यटक येथे वाघ पाहण्यास आणि शहराच्या गोंगाटापासून दूर, निर्मनुष्य शांतता अनुभवण्यास येतो. ही निर्मनुष्यता आपोआप आलेली नाही. अभयारण्यातील टिपेश्वर गाव उठून बाहेर वसले. या पट्ट्यातील कोलाम, गोंड आणि इतर कुटुंबांच्या लेखी हे रान म्हणजे मोह, तेंदूपत्ता, जळण आणि चराई. त्यांचे दैनंदिन जीवन जेथे होते, तेथेच इतरांची दैनंदिनापासूनची सुटका उभी राहिली. वन्यजीव संरक्षणाची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु चिखलदऱ्याच्या 'शोधा'शी असलेले याचे साम्य इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

वाघालाही येथून बाहेर पडण्याची ओढ असते, असे गमतीने म्हणता येईल. 2019 मध्ये टिपेश्वरहून रेडिओ कॉलर घालून निघालेला 'वॉकर' हा तरुण वाघ शेते, नाले, महामार्ग ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण भ्रमंती 3000 किलोमीटरहून अधिक भरली. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. त्याच्या आदल्याच वर्षी, 2 नोव्हेंबर 2018 रोजी, राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात 'अवनी' वाघीण गोळी घालून मारण्यात आली होती. राळेगाव-पांढरकवडा भागातील 13 माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. तिला मारावे की नाही, यावर देशभर वाद झाला. ते दिवस वेचणीचे होते आणि बोराटीच्या परिसरातील शेतकरी व मजूर बाया सूर्य बराच वर आल्यावर, घोळक्याने, काठ्या घेऊन कापसाच्या शेतात जात होत्या.